माजी सैनिकांची कामे गावातच व्हावीत म्हणून: ग्रामपंचायत आणि महापालिकेकडे काय मागावे, कसे मागावे

माजी सैनिकांसाठी योजनांना तोटा नाही. घरपट्टी माफी आहे, मुलांच्या शिक्षणाला मदत आहे, पेन्शन नसलेल्या म्हाताऱ्या फौजीला दरमहा अनुदान आहे. अडते ते गावात.

नाशिक जिल्ह्याला फौज काही लांबची नाही. तोफखान्याचे केंद्र आणि रेकॉर्ड ऑफिस (जवानांच्या सेवेचे कागद ठेवणारे कार्यालय) नाशिक रोड कॅम्पला, तोफखान्याची शाळा देवळालीला, आर्मी एव्हिएशनची शाळा गांधीनगरला, हवाई दलाचा डेपो ओझरला. गावोगावी एखादे तरी ‘मिलिटरीवाले काका’ असतातच. तरीही ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, आपल्या गावात माजी सैनिक किती, त्यांच्या विधवा किती, त्यांतल्या पेन्शन नसलेल्या किती. बहुतेक ठिकाणी कागद निघत नाही. कुणाला आठवतील तेवढी नावे तोंडी सांगितली जातात. २०२३ मध्ये ‘मेरी माटी मेरा देश’च्या वेळी गावोगावी शिलाफलक लागले, वीरांची नावे दगडावर आली, ते योग्यच झाले. पण जे हयात आहेत, ज्यांची कामे आज अडली आहेत, त्यांची नावे साध्या वहीतही नाहीत. ज्याची नोंद नाही त्याचे काम पंचायत करणार कसे? आणि अशी नोंद करायला कुठल्या मंत्रालयाची परवानगी लागत नाही.

मी सिन्नर तालुक्यातली. यजमान तोफखान्यात हवालदार होते. पेन्शनवर आल्यावर काही वर्षांनी घरीच आजारपणात गेले. पुढे मी एक पंचवार्षिक ग्रामपंचायत सदस्य होते, म्हणून टेबलाच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत: अर्ज घेऊन ताटकळणे, आणि मासिक सभेत ‘हा विषय पुढच्या सभेत घेऊ’ हे ऐकणे. सरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी (गावात त्यांना अजून ग्रामसेवक भाऊसाहेबच म्हणतात), माजी सैनिक, त्यांची मुले, सुना, ज्याला जमेल त्याने यातले काम उचलावे.

आधी नोंदवही

दोनशे पानी एक रजिस्टर आणा. पहिल्या पानावर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची सही व शिक्का घ्या, म्हणजे ती वही कार्यालयाची होते, कुणा एकाची राहत नाही.

नावे गोळा करायला फौजेच्या कॅन्टीनला जाणाऱ्यांपासून सुरुवात कराल तर यादी अपुरी राहील. कॅन्टीन कार्ड असणारा माणूस बहुतेक वेळा पेन्शनवाला असतो, त्याच्या ओळखी असतात, तो आपले काम करून घेतो. खरी अडचण पेन्शन नसलेल्यांची आहे. जवानाला साधारण पंधरा वर्षे सेवा झाल्याशिवाय पेन्शन लागत नाही. घरच्या अडचणीने, शेती बघायला कुणी नाही म्हणून, जे आधीच घरी आले ते कुठल्याच यादीत नाहीत. त्यांच्या विधवा तर गावालाही फौजीची बायको म्हणून आठवत नाहीत. त्यांना शोधायचे तर स्वस्त धान्य दुकानदाराला विचारा, पोलीस पाटलांना विचारा, आशाताईंना विचारा, आणि गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बायकांजवळ जाऊन बसा. ‘चीनच्या लढाईच्या वेळी अमक्याचा थोरला गेला होता ना,’ असे एखादे वाक्य निघते आणि एक घर सापडते.

हे घर सापडण्याची किंमत मोठी आहे. हवालदार किंवा त्याखालच्या पदावरून आलेला, वय ६५ च्या पुढे, पेन्शन नाही, अशा माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा अनुदान मिळते. ते पूर्वी ४,००० रुपये होते. नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,००० रुपये झाले. त्याच वेळी दोन मुलांपर्यंतच्या शिक्षणाची मदत दरमहा प्रत्येकी १,००० वरून २,००० आणि मुलीच्या लग्नाची मदत ५०,००० वरून १ लाख झाली. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातो. ज्या घरात कुणाला लिहिता-वाचता येत नाही तिथे ही बातमी पोहोचवायची कुणी? मला विचाराल तर पंचायतीने, नोंदवही हातात घेऊन.

रकाने असे करा: डिस्चार्ज बुकातले (सेवा सोडताना फौजेकडून मिळणाऱ्या पुस्तकातले) नाव, आधारवरचे नाव, पत्नीचे नाव, जन्मतारीख, रेजिमेंट, रेकॉर्ड ऑफिस, पेन्शन आहे की नाही, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे ओळखपत्र आहे की नाही, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड आहे की नाही, घर क्रमांक, आणि शेवटी मोठा रकाना ‘अडलेले काम’. रेकॉर्ड ऑफिसचा रकाना टाळू नका. तोफखान्याचे नाशिक रोडला असले तरी मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, सिग्नल्सचे जबलपूरला आहे. नवरा गेल्यावर पत्र कुठे पाठवायचे हेच बाईला माहीत नसते.

एक गोष्ट मात्र या वहीत कधीही लिहू नका: पेन्शनचा पीपीओ क्रमांक (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक), बँक खाते, आधारचा पूर्ण क्रमांक. वही दहा जणांच्या हातात जाते आणि पेन्शनरांना फोन करून लुबाडणारे असल्याच माहितीच्या शोधात असतात. ते कागद घरच्या पेटीतच राहू द्या.

नावाचा घोळ

पत्नीच्या नावासाठी एक रकाना पुरत नाही, तीन ठेवा. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलायची रीत. भरती झाला तेव्हा लग्न नव्हते, नंतर सुट्टीवरून परत गेल्यावर त्याने युनिटच्या क्लार्कला बायकोचे नाव सांगितले, कधी माहेरचे, कधी सासरचे. क्लार्क पंजाबचा किंवा तामिळनाडूचा. त्याने ऐकू आले तसे इंग्रजीत लिहिले. पार्ट टू ऑर्डर (सेवेच्या नोंदीत बदल करणारा फौजेचा आदेश) निघाली आणि तेच नाव कायम झाले. इकडे आधारवर वेगळे, बँकेच्या पासबुकावर तिसरेच. नवरा असेपर्यंत हे कुणाच्या लक्षात येत नाही. तो गेला की फॅमिली पेन्शन याच नावावर थांबते.

म्हणून नोंदवही करताना डिस्चार्ज बुक, आधार आणि पासबुक, तिन्ही समोर ठेवून तिन्ही नावे जशीच्या तशी लिहा. फरक दिसला की लाल पेनाने खूण. माजी सैनिक हयात असतानाच त्याच्या सहीने रेकॉर्ड ऑफिसला अर्ज गेला तर दुरुस्ती सोपी जाते. त्याच्या माघारी बाईला प्रतिज्ञापत्र, जाहिरात, साक्षीदार हे सगळे एकटीने करावे लागते. माझ्या ओळखीच्या एका बाईला एका कार्यालयाने नावातल्या एका अक्षरासाठी कित्येक महिने फिरवले. तेवढे दिवस ती दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत मजुरीला जात होती.

इथे ग्रामपंचायत मोठे काम करू शकते, तेही बिनखर्चाचे. गावात झालेल्या मृत्यूची नोंद पंचायतीतच होते आणि २१ दिवसांच्या आत केली तर विलंबाचे सोपस्कार लागत नाहीत. नियम एवढाच करा: मयत माजी सैनिक असेल तर नोंद लिहिण्याआधी घरच्यांकडून डिस्चार्ज बुक मागवायचे, आणि मयताचे, पत्नीचे नाव त्याप्रमाणे ताडून पाहायचे. दाखल्याच्या चार-पाच प्रती त्याच वेळी द्यायच्या. दुःखातल्या घराला पुन्हा पुन्हा कार्यालयात बोलवायचे नाही.

घरपट्टी

राज्य सरकारने २०२० मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांसाठी मालमत्ता कर माफीची योजना आणली. ती गावालाही आहे आणि शहरालाही. माफी एकाच मालमत्तेला मिळते, महाराष्ट्रातला रहिवास लागतो आणि जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र लागते. सुरगाण्याहून किंवा बागलाणातून त्यासाठी नाशिकला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा अख्खा दिवस जातो, आणि एक झेरॉक्स कमी पडली तर दुसराही.

हे पंचायतीने सोपे करावे. नोंदवहीवरून सगळ्या पात्र घरांचे अर्ज एकत्र भरून घ्या: डिस्चार्ज बुक किंवा ओळखपत्राची प्रत, आधार, नमुना ८ चा म्हणजे घराच्या कर आकारणीचा उतारा, आणि दुसरीकडे माफी घेतली नसल्याचे स्वयंघोषणापत्र. गठ्ठ्यावर पंचायतीचे आवरणपत्र लावून तो एकाच माणसाने नेऊन द्यावा. आधी फोन करून त्यांना अजून काय लागते ते विचारून घ्यावे. हे डिसेंबर-जानेवारीत उरकले तर एप्रिलमध्ये नव्या वर्षाची मागणी बिले निघण्याआधी नावापुढे माफीची नोंद होते. बिल हातात पडल्यावर माफी मागत बसलात तर थकबाकी दिसत राहते, आणि थकबाकी दिसली की बाकीचे दाखलेही अडतात. पाणीपट्टीची मागणी वेगळी असते, ती भरत राहा.

मासिक सभेत एक आक्षेप हमखास येतो: ‘घरपट्टी माफ केली तर पंचायतीला उत्पन्न कुठून?’ लहान गावाचा हा प्रश्न खोटा नाही, त्याला रागाने उत्तर देऊ नका. नमुना ९ म्हणजे कर मागणीचे रजिस्टर मागवा, पात्र घरांच्या रकमांची बेरीज करा आणि एकूण मागणीच्या शेजारी लिहून सभेपुढे ठेवा. गावात अशी घरे मोजकीच असतात. आकडा डोळ्यांनी दिसला की बहुतेक सदस्य गप्प होतात, आणि सूचक व्हायला कुणीतरी पुढे येतो.

दुसरे उत्तर ऐकाल: ‘आमच्याकडे तो शासन निर्णय आलेला नाही.’ शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर असतात आणि प्रत्येकावर संगणक संकेतांक छापलेला असतो. प्रिंट काढा, संकेतांकाखाली रेघ ओढा, अर्जाला जोडा.

ठराव

तोंडी होकारावर थांबू नका. सरपंच बदलतात, भाऊसाहेबांची बदली होते, इतिवृत्तात लिहिलेले राहते. ग्रामसभा वर्षातून किमान चार होतात, साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला. विषय विषयपत्रिकेवर यावा म्हणून आठ-दहा दिवस आधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ऐनवेळच्या विषयात टाकला तर लोक उठून चाललेले असतात.

ठरावाचा मजकूर मी असा सुचवते, गावाप्रमाणे बदला:

‘गावातील माजी सैनिक, त्यांच्या विधवा, वीरपत्नी व वीरमाता-पिता यांची नोंदवही ग्रामपंचायतीत कायमस्वरूपी ठेवण्यात यावी व दर सहा महिन्यांनी अद्ययावत करावी. त्यांच्या कामांसाठी श्री./श्रीमती (नाव) यांची संपर्क व्यक्ती म्हणून नेमणूक करण्यात येत आहे. दरमहा (वार) रोजी सकाळी १० ते १ या वेळेत त्यांची कामे प्राधान्याने घेण्यात यावीत. पात्र कुटुंबांचे मालमत्ता कर माफीचे प्रस्ताव ग्रामपंचायतीमार्फत एकत्र पाठवावेत. नोंदवहीतील प्रलंबित कामांचा आढावा प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवावा.’

यातले शेवटचे वाक्य कुणी गाळायला सांगितले तर मान्य करू नका. बाकी सगळे लिहून घेतले आणि आढावा नसला तर वही कपाटात जाते. नाव लिहिण्याची जागाही रिकामी सोडू नका. ‘ग्रामपंचायत कर्मचारी’ असे लिहिले की कुणालाच धरता येत नाही. माझ्या मते ही व्यक्ती बाई असावी, किंवा निदान एक बाई जोडीला असावी, कारण विधवा आपल्या पेन्शनची आणि दिरांशी असलेल्या वादाची गोष्ट पुरुषासमोर सांगत नाहीत.

वीरपत्नीला झेंडावंदनाला बोलावतात, नारळ-साडी देतात. आजारपणात गेलेल्या फौजीच्या विधवेला कुणी बोलावत नाही, आणि तिला मदत मागायचा हक्क आहे हे तिलाही वाटेनासे होते. ठरावात दोघींचाही स्पष्ट उल्लेख हवा.

युद्धात किंवा सेवेत अपंगत्व आलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. त्यांचे दिव्यांग प्रमाणपत्र काढून त्या यादीत नाव आहे का ते पाहा. अनेकदा नसते, कारण फौजेचे वैद्यकीय कागद आहेत म्हणून नागरी प्रमाणपत्र कुणी काढलेलेच नसते.

कुठले काम कुणाचे

निम्मे हेलपाटे चुकीच्या दारात जातात. घरपट्टी, मृत्यूची नोंद, नमुना ८, रस्ता, पाणी हे पंचायतीचे. सात-बारा, वारसनोंद, बांधाचा वाद हे महसूलचे, म्हणजे तलाठी आणि तहसीलदारांचे. ओळखपत्र, शिष्यवृत्ती आणि अनुदानाचे अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे. पेन्शन केंद्राची: ‘स्पर्श’ ही ऑनलाइन पेन्शन प्रणाली आणि प्रयागराजचे पेन्शन कार्यालय. पेन्शनची रक्कम चुकली म्हणून ग्रामसभेत बोलून उपयोग नाही. संपर्क व्यक्तीने मात्र तक्रार ऑनलाइन नोंदवून द्यावी आणि क्रमांक वहीत लिहावा.

जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी आणि त्यांचे कल्याण संघटक मोजकी माणसे असतात आणि तालुके पंधरा. म्हणून गटविकास अधिकाऱ्यांना लिहून पंचायत समितीत तालुक्याचे शिबिर मागा. शिबिरात कुणाकुणाला बसवायचे ते मागणीतच लिहा: कल्याण संघटक, तहसीलचा अव्वल कारकून, बँकेचा माणूस, सीएससी (ऑनलाइन सेवा केंद्र) चालक, आणि आधारचे मशीन. आधारचे मशीन नसेल तर नावाच्या दुरुस्तीसाठी लोकांना परत जावे लागते आणि निम्मे शिबिर वाया जाते. हयातीचा दाखला तिथेच करून द्यावा. म्हाताऱ्यांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत तेव्हा चेहरा दाखवूनही तो होतो. सत्कार आणि भाषणे दुपारनंतर ठेवा, कामाच्या रांगा सकाळी. लांबून आलेल्यांना परतीची एसटी गाठायची असते.

७ डिसेंबर हा ध्वजदिन. त्यासाठी प्रत्येक कार्यालय निधी जमवते, त्यामुळे त्या महिन्यात वरच्या साहेबांच्या टेबलावर सैनिकांचा विषय असतोच. शिबिराची मागणी नोव्हेंबरात द्या. जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, एक प्रत त्यांच्याकडेही जाऊ द्या.

शहरात राहत असाल तर

नाशिक महापालिकेच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनापर्यंत, जाण्याआधी आपल्या विभागीय कार्यालयात जा. पूर्व, पश्चिम, पंचवटी, नवीन नाशिक, सातपूर, नाशिक रोड असे सहा विभाग आहेत. माफी मंजूर झाल्यावर पुढचे बिल हातात घेऊन कुठल्या रकान्याला माफी लागली ते विचारा, कारण बिलात बरेच कर एकत्र असतात. आपल्या कॉलनीतल्या माजी सैनिकांची यादी नगरसेवकांकडे आणि विभागीय अधिकाऱ्यांकडे द्या. शहरात शेजाऱ्यालाही माहीत नसते, त्यामुळे यादीची गरज इथे गावापेक्षा जास्त. देवळाली कॅम्पच्या हद्दीत राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. कॅन्टोन्मेंट बोर्ड संरक्षण मंत्रालयाखाली येते, म्हणून राज्याची माफी तिथे आपोआप धरून चालू नका, बोर्डाकडे लेखी विचारा.

काम अडले तर

अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. जन्म-मृत्यूचे दाखले, नमुना ८, येणे-बाकी नसल्याचा दाखला या सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात येतात. त्यांची मुदत आणि अपील अधिकाऱ्याचे नाव कार्यालयात फलकावर लावलेले असले पाहिजे. सबळ कारण नसताना मुदत चुकवणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. मुदत संपली की ३० दिवसांत पहिले अपील करा. घरपट्टी माफीसारखा विषय लोंबकळत असेल तर आधी गटविकास अधिकारी, मग तालुका लोकशाही दिन, तो महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो. तिथे सुटले नाही तर पहिल्या सोमवारचा जिल्ह्याचा. न्यायालयात असलेला विषय तिथे घेत नाहीत. फाईल कुठे थांबली ते कळत नसेल तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा आणि एकच प्रश्न विचारा: माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर रोज काय कार्यवाही झाली.

नोंदवहीत मागची काही पाने अग्निवीरांसाठी ठेवा. २०२२ च्या अखेरीपासून भरती झालेली मुले चार वर्षे करून परत येऊ लागतील आणि त्यांतल्या २५ टक्क्यांपर्यंतच पुढे सेवेत राहतील. परत येणाऱ्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, माजी सैनिकांच्या बऱ्याच योजना त्यांना लागू नाहीत. त्यांच्या पानावर शिक्षण, फौजेत शिकलेले काम, गाडी चालवण्याचा परवाना आणि परत येण्याचा महिना लिहा. तालुक्यातल्या आयटीआयला, सिन्नर आणि सातपूरच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांना पंचायतीचे पत्र त्या महिन्याच्या आधी गेले पाहिजे. घरच्यांना आत्ताच भेटा, महिना त्यांना पाठ असतो.